उतारावरची वाट टिकते कशी?

पावसाळा संपल्यावर कुठल्याही गडावर किंवा टेकडीवर गेलं की दोन प्रकारच्या वाटा दिसतात. एक नाकासमोर सरळ वर चढलेली. जूनमध्ये ती धड पायवाट होती, ऑक्टोबरमध्ये तिचा ओघळ झालेला असतो. मधोमध घोटा बुडेल एवढी चरी, तळाला सुटे गोटे, कडेला उघडी पडलेली मुळं. माणसं तो ओघळ टाळून शेजारून चढतात आणि पुढच्या वर्षी तिथे दुसरा ओघळ तयार होतो. दुसरी वाट शेळ्यामेंढ्यांची. टेकडीच्या कुशीतून तिरकी गेलेली, जेमतेम दोन विती रुंद. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून कळप जातो, टोकदार खुरांनी माती तुडवली जाते, तरी ती शाबूत असते.

माती तीच, पाऊस तोच. मग एक वाट वाहून का जाते आणि दुसरी का टिकते?

आल्प्स पर्वतातल्या अनेक गावांचा उन्हाळ्यातला धंदा या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. तिथे डोंगरमाथ्यावरून रोज शेकडो सायकली भरधाव खाली येतात आणि त्या वाटा मोसमामागून मोसम चालू राहतात. अशा वाटा आखण्यामागचं शास्त्र परदेशी वाटेल, पण त्यातला निम्मा भाग सोलापूर जिल्ह्यातल्या बांधबंदिस्तीची कामं केलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. उरलेला निम्मा समजून घ्यायला फारसं गणित लागत नाही.

रोपवेने वर, सायकलने खाली

आल्प्समधली बरीच गावं हिवाळ्यात स्कीइंगवर, म्हणजे बर्फावरून घसरण्याच्या खेळावर जगतात. माणसांना माथ्यावर नेण्यासाठी तिथे रोपवे असतात. काही बंद डब्यांचे, काही नुसत्या लोंबत्या खुर्च्यांचे. बर्फ वितळलं की ही महागडी यंत्रणा एरवी पडून राहिली असती. तिला उन्हाळ्यातही काम मिळावं म्हणून खुर्च्यांना सायकल अडकवण्याचे हूक बसवले गेले, डोंगरउतारावर सायकलींसाठी वेगळ्या वाटा खोदल्या गेल्या आणि तिकीटखिडकी जूनपासून पुन्हा उघडली. यालाच बाइक पार्क म्हणतात. चढण्याचे कष्ट रोपवेचे, उतरण्याची मजा आपली.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या पोर्त द्यू सोलेय या भागात अशी बारा स्की-केंद्रं एकमेकांना जोडलेली आहेत. एकाच पासवर सकाळी फ्रान्समधून निघून दुपारी स्वित्झर्लंडच्या बाजूला उतरता येतं. याच भागातल्या ले जे या छोट्या गावाने २००४ आणि २०२२ साली माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. ऑस्ट्रियातलं लिओगांग हेही असंच नावाजलेलं केंद्र.

पार्कातल्या वाटांना अवघडपणानुसार रंग दिलेले असतात. युरोपात साधारणपणे हिरवी वाट नवशिक्यांची, निळी सोपी, लाल मध्यम आणि काळी पट्टीच्या खेळाडूंची. वाटेच्या तोंडाशीच रंगाची पाटी असते. आपल्या कुवतीबाहेरच्या वाटेवर कोणी नकळत शिरू नये, एवढाच तिचा हेतू.

या खेळाचं मूळ मात्र आल्प्समध्ये नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातली काही तरुण मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन टेकड्यांवरून उतरू लागली. ऑक्टोबर १९७६मध्ये त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. एका उतरणीत तो इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. वीस वर्षांत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, माउंटन बाइकिंग ऑलिंपिकचा खेळ झाला.

उतार मोजायचा कसा?

वाटेचं शास्त्र उतारापासून सुरू होतं, म्हणून आधी त्याचं माप पाहू. आडवं शंभर मीटर गेल्यावर दहा मीटर उंची वाढली, तर चढ दहा टक्के. बोरघाटातली रेल्वे सर्वांत कठीण टप्प्यात ३७ मीटरला एक मीटर चढते, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. घरातला जिना साठ टक्क्यांच्या घरात जातो. माउंटन बाइकची चांगली वाट सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, असा जगभरातल्या वाट बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे.

हा आकडा सायकलस्वाराच्या दमाचा विचार करून आलेला नाही, तो पाण्यामुळे आला आहे. उतार चौपट झाला, म्हणजे पाच टक्क्यांचा वीस टक्के झाला, की वाहत्या पाण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला की पाण्यातली ऊर्जा चौपट होते. आणि ते पाणी ढकलत नेऊ शकतं त्या सर्वांत मोठ्या दगडाचं वजन? जलशास्त्रातल्या एका जुन्या नियमाप्रमाणे ते चौसष्ट पट होतं. कालपर्यंत फक्त माती वाहून नेणारं पाणी आज गोटे लोटत नेतं, ते यामुळे. ओघळाच्या तळाशी नुसते दगड उरलेले दिसतात, कारण बारीक माती केव्हाच खाली गेलेली असते.

पण नुसता वाटेचा उतार पाहून भागत नाही. वाट ज्या डोंगराच्या अंगावर आहे त्याचा उतार किती, हेही पाहावं लागतं. पाणी नेहमी सर्वांत तीव्र उताराची दिशा पकडतं. वाटही त्याच दिशेने गेलेली असेल, तर पाण्याच्या दृष्टीने वाट हाच नाला. एकदा ते वाटेवर आलं की पायथ्यापर्यंत वाट सोडत नाही. वाट आडवी असेल तर पाणी एका कडेने वाटेवर येतं, दोन विती ओलांडतं आणि दुसऱ्या कडेने निघून जातं. वेग घ्यायला त्याला अंतरच मिळत नाही.

यावरून एक सोपा नियम निघाला आहे, अर्ध्याचा नियम. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर तीस टक्क्यांचा असेल, तर वाट पंधरा टक्क्यांच्या आत. त्यापलीकडे गेलात, की पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटेनेच चालू लागतं. १९८८मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने हा आणि असे काही नियम लिहून काढले आणि ते जगभर वापरले जातात. शेळीने हे नियम वाचलेले नाहीत. तिला कमी कष्टात चरत पुढे जायचं असतं, म्हणून ती डोंगराच्या कुशीने आडवी चालते आणि अर्ध्याचा नियम आपोआप पाळला जातो.

या नियमाचा एक उलटा परिणाम सोलापूरकरांनी ध्यानात ठेवावा. तीन टक्के उताराच्या माळावर वाट कितीही सपाट वाटली, तरी तिचा उतार दीड टक्क्यावर गेला की नियम मोडला. म्हणजे कोरड्या वाटेसाठी डोंगर बरा, माळ अवघड. माळावर वाट हवी असेल तर मुरूम टाकून ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उचलावी लागते आणि बाजूने चर काढावा लागतो.

सोलापूरला हे आधीच ठाऊक आहे

समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला समतल रेषा म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात हा शब्द पुस्तकातून आलेला नाही, तो शेतातून आला आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. एखाद्या आठवड्यात धो-धो कोसळतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. पडलेलं पाणी आणि त्याबरोबर जाणारी माती कशी अडवायची, याच विवंचनेतून १९३३मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे उतार, वाहून जाणारं पाणी आणि धूप यांची मोजमापं सुरू झाली. पुढे १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समतल बांधबंदिस्तीला सरकारी बळ मिळालं. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी बांध घातले. आणि २०१९मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत बार्शी तालुक्यातलं सुर्डी हे गाव राज्यात पहिलं आलं. समतल चर खणणं हे त्या स्पर्धेतलं महत्त्वाचं काम.

चर खणण्याआधी रेषा आखावी लागते. तिच्यासाठी लागणारं अवजार कोणत्याही वाडीत तासाभरात तयार होतं. साधारण सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, खाली पाय फाकवायचे आणि मध्ये एक आडवी काठी बांधायची. वरच्या गाठीतून सुतळीला दगड बांधून लोंबता सोडायचा. याला ए-फ्रेम म्हणतात. आता ती जमिनीवर उभी करून सुतळी आडव्या काठीला जिथे चिकटते तिथे खूण करायची. मग दोन्ही पायांच्या जागा बदलायच्या, म्हणजे डावा पाय उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या, आणि पुन्हा खूण करायची. दोन खुणांचा मध्य म्हणजे सपाटीची खूण. पाय किंचित लहानमोठे झाले असले, तरी या उलटापालटीने चूक निघून जाते. त्यानंतर एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे टाकत जायचं, सुतळी मध्यावर आली की जमिनीवर चुना टाकायचा. पावलागणिक समतल रेषा उमटत जाते.

डोंगरात वाट आखणारेही हीच ए-फ्रेम वापरू शकतात. फरक एवढाच, की त्यांना अगदी सपाट रेषा नको असते. ते मध्यखुणेपासून थोडं बाजूला पाच किंवा सात टक्क्यांची खूण करून घेतात आणि सुतळी त्या खुणेवर ठेवत पुढे जातात. आज हातात मावणारी उतारमापकं मिळतात, पण तत्त्व बदललेलं नाही.

उद्देश मात्र नेमका उलटा आहे. शेतातला चर पाणी थांबवतो, ते मुरावं म्हणून. सायकलची वाट पाणी थांबू देत नाही, ते लवकर पार व्हावं म्हणून. म्हणून बांधबंदिस्ती जाणणाऱ्या माणसाने वाट आखायची म्हटली, तर रेषा आखण्याचं कौशल्य त्याच्याकडे असतं. पाणी कुठे साठेल हे तो आधीच सांगू शकतो आणि नेमकी तीच जागा टाळायची असते.

वाटेचा आडवा छेद

वाट आडवी आखली म्हणजे काम झालं असं नाही. ती कापायची कशी, यात खरी मेख आहे. आळशी पद्धत अशी, की डोंगराच्या बाजूने अर्धी माती खणायची आणि तीच दरीच्या बाजूला टाकून उरलेली अर्धी वाट तयार करायची. टाकलेली माती भुसभुशीत असते. वर्ष-दोन वर्षांत ती खचते आणि वाट कलंडते. म्हणून चांगली वाट पूर्णपणे मूळ जमिनीत कापतात आणि निघालेली माती खाली दूर पसरून टाकतात. खणणं जास्त, पण चाकाखाली अस्सल, घट्ट जमीन येते.

दुसरी गोष्ट, वाट दरीकडे जराशी झुकती ठेवतात, मीटरभर रुंदीला सुमारे पाच सेंटिमीटर. वरून आलेलं पाणी या झुकावामुळे थेट पार होतं. पण सायकली जात राहिल्या की मधली माती दबते आणि बाहेरच्या कडेला मातीचा बारीक वरंबा उभा राहतो. बोटभर उंचीचा हा वरंबा पाण्याला वाटेत अडकवायला पुरतो. त्यामुळे दरवर्षी फावडं घेऊन बाहेरची कड साफ करणं हे देखभालीचं पहिलं काम.

तिसरी गोष्ट सर्वांत हुशारीची. खाली उतरणाऱ्या वाटेला ठरावीक अंतराने थोडासा उलटा चढ देतात, पाच-सात पावलांचा. झुकावाला चुकवून वाटेने चालू लागलेलं पाणी त्या खोलगटात येतं, पुढे चढू शकत नाही आणि बाहेर पडतं. म्हणजे लांबलचक वाटेचे पाण्यापुरते छोटे-छोटे तुकडे होतात. कोणत्याच तुकड्यात पाण्याला जोर धरता येत नाही. सायकलस्वाराला हा लाटेसारखा चढउतार गंमत म्हणून आवडतो. तो तिथे गटार म्हणून बांधलेला असतो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

वळणावर चाक का सुटत नाही?

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मौत का कुआँ पाहिला नाही असा सोलापूरकर विरळा. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल फिरते आणि पडत नाही. बाइक पार्कातल्या वळणांमागे तेच तत्त्व आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीची कलती भिंत उभारतात. तिला बर्म म्हणतात.

सपाट वळणावर सायकलला आत खेचून धरतं ते फक्त टायर आणि माती यांच्यातलं घर्षण. सुट्या मुरमावर ते कमी पडलं की चाक सटकतं. कलत्या भिंतीवर मात्र जमीनच चाकाला आतल्या बाजूला ढकलते. गणित सोपं आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने पाच मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं असेल, तर भिंतीचा कोन साधारण पंचेचाळीस अंश ठेवला की घर्षणाची गरज जवळपास उरत नाही. वेग वाढला की भिंत उभी हवी, कमी झाला की आडवी. म्हणून काळ्या वाटेवरचे बर्म उभे असतात आणि हिरव्या वाटेवरचे निजलेले.

बर्म नसेल तर काय होतं? स्वार वळणाआधी घाबरून ब्रेक करकचून दाबतो. चाक घसटतं, माती उखडते आणि वळणाच्या अलीकडे आडव्या वळ्या पडतात. पहिल्या उंचवट्यावरून चाक उडतं आणि जिथे पडतं तिथे खड्डा करतं. त्या खड्ड्यातून पुढचा उंचवटा तयार होतो. कच्च्या रस्त्यावर एसटीत बसून दात वाजले असतील तर या वळ्या ओळखीच्या वाटतील. आणि असा उखडलेला भाग पाण्याला आयताच सापडतो.

यावरचा तोडगा सुंदर आहे. वळणाच्या थोडं आधी तोच उलटा चढ द्यायचा. चढावर वेग आपोआप कमी होतो, ब्रेक लावावा लागत नाही, माती उखडत नाही, आणि त्या खोलगटातून पाणीही बाहेर पडतं. एका फावड्याच्या कामात दोन्ही दुखणी बरी होतात. चांगल्या वाटेवर स्वार ब्रेकला क्वचित हात लावतो, ते त्याच्या धाडसापेक्षा वाट आखणाऱ्याच्या अकलेमुळे.

उडी मारली तरी हाडं का मोडत नाहीत?

बाइक पार्कातल्या उड्या पाहून काळजाचा ठोका चुकतो. पण इजा ठरते ती उडी किती उंच यावर कमी आणि कुठे उतरलो यावर जास्त. एक मीटर उंचीवरून पडताना खाली येण्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या जवळ पोहोचतो. सपाट जमिनीवर उतरलं तर हा सगळा वेग क्षणात थांबतो आणि तो धक्का मनगटांना, गुडघ्यांना बसतो. पण सायकल त्याच वेळी ताशी २५ किलोमीटरने पुढेही चाललेली असते. दोन्ही वेग एकत्र केले, तर ती सुमारे तीस अंशांनी खाली येत असते. उतरण्याची जागाही तीस अंश उताराची बांधली, की सायकल जमिनीवर आपटत नाही, जमिनीला समांतर टेकते. म्हणून जाणकार आधी उतरण्याची जागा बांधतो आणि मग उडीची. नवशिक्यांच्या वाटेवर उडी आणि उतरण यांच्यामधला खड्डा भरून सपाट ओटा केलेला असतो. उडी तोकडी पडली, तरी चाक ओट्यावर टेकतं.

सायकलही या कामासाठी वेगळी असते. टायर दोन-अडीच इंच रुंद आणि हवा कमी. रस्त्यावरच्या सायकलीत चौरस इंचाला ८० ते १०० पौंड दाब असतो, इथे २० ते ३०. मऊ टायर दगडाला वेढून धरतो, त्यावरून उडत नाही. पुढे आणि बऱ्याचदा मागेही शॉकअॅब्सॉर्बर असतात. त्यांचं मुख्य काम आरामाचं नसून चाक जमिनीला चिकटवून ठेवण्याचं आहे, कारण हवेतलं चाक वळतही नाही आणि थांबतही नाही. ब्रेक डिस्कचे असतात. स्वार आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले, तर पाचशे मीटर उंची उतरताना जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्यात दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. यातली काही हवेच्या विरोधात जाते, बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. कॅलिफोर्नियातल्या त्या ग्रीसचा धूर का होत होता, ते यावरून कळेल.

माती तशी वाट

आल्प्समध्ये वाटेचा वैरी पावसाबरोबर गोठणारं पाणीही आहे. मातीतलं पाणी गोठलं की फुगतं आणि वरचा थर उचलतो, वितळलं की तो भुसभुशीत होऊन खाली बसतो. म्हणून बर्फ गेल्यावर वाटा वाळू देतात, डागडुजी करतात आणि मगच खुल्या करतात. तरीही निसर्ग कधी ऐकत नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये लिओगांगला जागतिक स्पर्धा झाली तेव्हा पाऊस आणि बर्फामुळे मार्गाचा इतका चिखल झाला, की जगातले उत्तमोत्तम खेळाडू घसरताना दिसले.

सह्याद्रीत प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा आहे. महाबळेश्वरला चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाच्या नऊ-दहा पट. तिथे पावसाळ्यात वाट बंद ठेवणं हाच उपाय.

सोलापूरच्या सखल भागातल्या काळ्या मातीची तऱ्हा निराळी. तिच्यातले अतिसूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात. ओली झाली की ती टायरला थरावर थर चढत जाते आणि अखेर चाक फिरेनासं होतं. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला ती सोनं आहे, वाटेला नको. टेकाडावरचा मुरूम मात्र वाटेसाठी उत्तम. पाणी त्यातून निथळतं, दाबला तर घट्ट बसतो आणि पाऊस थांबल्यावर लवकर वाळतो.

चौकट : चांगल्या वाटेची पाच लक्षणं

• वाट डोंगराच्या कुशीने तिरकी जाते. तिचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असतो.
• सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आत राहतो.
• वाट मूळ जमिनीत कापलेली आणि दरीकडे किंचित झुकलेली असते.
• थोड्या-थोड्या अंतरावर उलटा चढ असतो, तिथून पाणी बाहेर पडतं आणि वेगही आवरतो.
• वळणाला कलती भिंत असते आणि वळणाच्या अलीकडे ब्रेकच्या वळ्या दिसत नाहीत.

आपल्याकडे काय?

भारतात हा खेळ नवा राहिलेला नाही. २०२२मध्ये लेह इथे माउंटन बाइकच्या एलिमिनेटर प्रकारातली विश्वचषक फेरी झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. पोनमुडी हा आपल्या सह्याद्रीच्याच रांगेचा दक्षिणेकडचा भाग, म्हणजे पश्चिम घाटात आंतरराष्ट्रीय दर्जाची वाट बांधता येते हे सिद्ध झालेलं आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत महाराष्ट्राला पदकं मिळवून दिली आहेत. खेळाडू आहेत, डोंगरही आहेत. आखून, बांधून, दरवर्षी निगा राखलेल्या वाटा मात्र कमी आहेत.

सोलापूरला आल्प्स नाही आणि रोपवेची गरजही नाही. बार्शी तालुक्याच्या उत्तरेला बालाघाटाच्या रांगा आहेत. तुळजापूरचा घाट शहरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. जिथे उंची मिळत नाही तिथे पंप ट्रॅक बांधता येतो. एखाद्या सोडून दिलेल्या मुरमाच्या खाणीएवढ्या जागेत मातीचे उंचवटे आणि बर्म यांचं वेटोळं केलं, की झालं. त्यावर पेडल मारावं लागत नाही. उंचवटा चढताना अंग हलकं सोडायचं आणि उतरताना हातापायांनी सायकल खाली दाबायची, एवढ्यावर वेग मिळतो. मुलांना तोल आणि वळण शिकवायला याहून सुरक्षित आणि स्वस्त जागा नाही.

एक गोष्ट मात्र पक्की हवी. रिकामा दिसणारा प्रत्येक माळ रिकामा नसतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९पासून याच जिल्ह्यात आहे. तिथल्या गवताळ माळावर लांडगे आणि काळविटं राहतात, अनेक पक्षी थेट जमिनीवर अंडी घालतात. अशा जागी वाट कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ती चुकीचीच. वनखात्याची जमीन असेल तर परवानगी, गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, आणि चराईचा हक्क असणाऱ्या मेंढपाळांशी बोलणं, हे फावड्याच्या आधी झालं पाहिजे. टेकडीच्या अंगाखांद्यावरची पाण्याची चाल त्या मेंढपाळांइतकी कोणाला माहीत नसते, हा आणखी एक फायदा.

तेव्हा जिल्ह्यातल्या सायकल क्लबांना आणि बांधबंदिस्तीत हात मुरलेल्या गावांना एकच सांगणं. एकदम मोठा प्रकल्प मांडू नका. योग्य जागा आणि परवानगी मिळाली, की मुरमाड टेकडीवर एक किलोमीटरची हिरवी वाट आखा, दिवाळीनंतर खणा आणि उन्हाळाभर वापरा. मग पुढच्या पावसात, भर सरीत, छत्री घेऊन त्या वाटेवर उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून जातं ते पाहून खुणा करा. दुरुस्त्या केल्यावर आणखी एक पावसाळा ती वाट टिकली, तरच दुसरा किलोमीटर खणा.